तीन नंबरच्या खोलीचं उत्तर

सन २०११, मे महिना, ऐन उन्हाळा. औषधांच्या शीतगृहातला म्हातारा ऑपरेटर त्या दुपारी पॅनेलसमोर चरफडत बसला होता. पॅनेल पुन्हा अडकलं होतं. त्यातल्या प्रोग्रॅमची खोडच तशी. प्रत्येक खोलीतल्या तापमानाच्या सेन्सरला तो विचारायचा, मोजून झालं का? उत्तर आलं तर पुढच्या खोलीकडे वळायचा. नाही आलं तर तिथेच ठाण मांडून तेच विचारत राहायचा. तोवर बाकी सगळं ठप्प. आत अडकलेल्या माणसाने दाबायची घंटासुद्धा.

हिवाळ्यात ऑपरेटरचा साडू असाच आत अडकून गेला. पाळी ऑपरेटरची होती; त्याला लग्नाला जायचं म्हणून साडूने ती अंगावर घेतली. तीन नंबरचं दार आतून उघडलं नाही. बिचाऱ्याने घंटा किती वेळ दाबली असेल, कोण जाणे. पॅनेल प्रश्न विचारण्यात गुंतलं होतं. ती एक पाळी तेव्हापासून ऑपरेटरच्या छातीवर बसली होती.

सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं, तेव्हा कुठे साहेबांनी इंजिनियर बोलावला. आली ती त्याचीच भाची. तिने बदल केला: शंभरदा विचारायचं, मग नाद सोडायचा, घंटा वाजवायची आणि पुढे जायचं. एवढंसंच होतं तर माणूस मरेपर्यंत कुणाचे हात बांधले होते, असं त्याने विचारलं. भाचीने पॅनेलचं झाकण उघडलं.

तपासणीसाठी तिने तीन नंबरच्या सेन्सरची वायर उपटली. आता उत्तर येणं शक्यच नव्हतं.

उत्तर आलं. सदतीस.

खोलीत उणे वीस होतं; सदतीस तर जित्या माणसाच्या अंगात असतं. मग पस्तीस आलं. मग एकतीस. नाकाला झोंबणारा बर्फाचा वास पॅनेलपाशी दाटला.

“मामा… वायर माझ्या हातात आहे.”

“दिसतंय मला.”

पंचवीस.

ऑपरेटर वैतागून उठला. बदली माणूस समोर येऊन बोलल्याशिवाय पाळी सोडायची नाही, ही इथली रीत. साडू रीत मोडणारा नव्हता, आणि त्याच्यासमोर बदली म्हणून अजून कुणी गेलंच नव्हतं. ऑपरेटरने तीन नंबरचं दार सताड उघडलं, ते अडकवून ठेवलं आणि वाफेत पाऊल टाकलं.

“साडूबुवा… मी आलो. तुम्ही निघा आता.”

खांद्यावर गार हात पडला, क्षणभर टेकला, निघाला. मागे पॅनेलने नाद सोडला. घंटा वाजली.

थोड्या वेळाने फाटकावरच्या रखवालदाराचा फोन आला. आत्ता कोण बाहेर गेलं, असं तो विचारत होता. एवढ्या उन्हात त्या माणसाच्या भुवयांवर बर्फ होता म्हणे.

ऑपरेटरने फोन ठेवला. पाळी संपेपर्यंत तो तीन नंबरच्या दारात उभा राहिला. उसनी पाळी फिटली.