सेटवरचं श्राद्ध

मेलेला माणूस परत येत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे.

मालिकांतला सोडून. तिथे प्रेक्षक घटले की येतो.

ही गोष्ट मात्र खरी आहे.

पाजू शहरातला एक कोरियन स्टुडिओ. थंडीतली एक रात्र... म्हणजे बाहेर भर दुपार होती. रात्र सेटच्या खिडकीबाहेर टांगली होती.

मालिका मालिकावाल्यांवरच होती. तिची लेखिका यांग पिल-सन. पिल-सनचा नवरा ते-शिक ध्वनिमुद्रक होता. तो गेल्यापासून ती एकटीच जेवायची, टीव्हीचा आवाज बंद करून.

त्या दिवशी श्राद्धाचा प्रसंग होता. ताटामागे पितराच्या नावाचा कागद लावतात; त्यावर खोटं नाव लिहायचं ठरलं होतं.

पिल-सनने ऐनवेळी ते-शिकचंच लिहिलं.

भातात चमचा उभा रोवला. पितराला आत येता यावं म्हणून दार किलकिलं ठेवलं. ताटात लसूण नाही, लाल मिरची नाही. तिखटाने पितर पळतात.

टेकवर टेक झाले. दर वेळी पितराला बोलावलं... आणि निरोप द्यायच्या आधीच दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला.

शेवटी कागद जाळतात, तेव्हा पितर परत जातो. पण उद्या क्लोजअप होते. कागद जपून ठेवला.

सगळे जेवायला गेले. ते-शिकच्या हाताखाली तयार झालेला इन-छल मात्र कानावरचा हेडफोन काढेना.

“वहिनी, सेटवर कोणी आहे?”

“कोणी नाही.”

“मग चमचा कोण वाजवतंय?”

तिने हेडफोन घेतला.

टक्... टक्... जरा थांबून, टक्.

ते-शिक जेवताना चमचा असाच वाटीच्या कडेवर आपटायचा. त्यावरून दोघं जन्मभर भांडली.

तिने सेटकडे पाहिलं. चमचा भातात तसाच उभा होता.

किलकिलं ठेवलेलं दार मात्र... आतून कोणीतरी लोटून घेतलं होतं.

इन-छल पांढराफटक पडला. कागद आत्ता जाळू, उद्याला दुसरा लिहू, म्हणाला. काडीही ओढली.

तिने ती फुंकली.

“मेला जेवतोय ना? जेवू दे.”

दार ढकलून ती आत गेली. ताटासमोर बसून स्वतःचा डबा उघडला. डब्यातली लसूण-मिरची घातलेली किमची लांब, पार भिंतीपाशी ठेवली. कितीतरी दिवसांनी तिच्या समोर कोणीतरी जेवत होतं.

इन-छल बाहेर हेडफोन लावून उभा होता. ते ध्वनिमुद्रण त्याने आजवर कोणाला ऐकवलेलं नाही. पुसलेलंही नाही. त्यात चमचा आहे, पिल-सनचं सावकाश चावणं आहे... मग चमचा थांबतो.

आणि अगदी माइकशी, एक कुरकुरता आवाज येतो.

“अगं, जरा ती किमची सरकव की इकडे.”