सहावी कुपी

सहाव्या खेपेलाही ओवीने आईच्या कापडाकडे पाठ फिरवली.

काचेपलीकडच्या छोट्या खोलीत सात महिन्यांची ओवी झुकत्या आसनात पहुडली होती. तिच्या दोन्ही गालांपासून वीतभर अंतरावर सुती कापडाची एकेक घडी टांगलेली होती. निळ्या दोऱ्याची घडी तृप्ती घोरपडेने तीन दिवस अंगाशी बाळगली होती. लाल दोऱ्याची घडी कोणाची, हे तिला कोणी सांगितले नव्हते. परिचारिका दर खेपेला घड्यांची अदलाबदल करी आणि दर खेपेला ओवीचे इवलेसे नाक लाल दोऱ्याचा माग काढी. तो सापडला की तिच्या मुठी सैल पडत आणि डोळे जड होत.

"डॉक्टर, ती लाल दोऱ्याची बाई कोण?" तृप्तीचा आवाज तिलाच परका वाटला. "माझ्या पाळणाघरातल्या मुलांच्या आयांपैकी कोणी आहे का?"

बालसंवेदन प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इंद्रायणी सबनीस यांनी हातातली नोंदवही मिटली. "त्या कापडाला कुठल्याच बाईचं अंग लागलेलं नाही. तुमच्या यंत्रातल्या पाच आयांच्या गंधकुप्यांचे समान थेंब घेऊन आम्ही ते काल इथंच तयार केलं."

तृप्तीला हसू फुटले. अशा वेळी हसू फुटावे याची तिलाच लाज वाटली. मग ती खुर्चीत बसली.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला फारुख जमादार बसले होते. मातृगंधयंत्र त्यांच्या सांगलीतल्या छोट्या कारखान्यात तयार होई. त्याची कल्पना सोपी होती. आईने अंगाशी बाळगलेल्या कापडातून तिचा गंध रेणूरेणूने वाचायचा, त्याची दाट प्रतिकृती कुपीत भरायची, आणि सांभाळणारीने बाळ उचलून घेतले की तिच्या खांद्यावरच्या मऊ गंधपटातून तो गंध दरवळू द्यायचा. बाळाच्या पायातल्या वाळ्यावरून पटाला कळे, की कोणते बाळ खांद्यावर आले आहे. पाच बाळे, पाच वाळे, पाच कुप्या. पाच महिन्यांपूर्वी तृप्तीने आपल्या दोन खोल्यांत पाळणाघर काढले, तेव्हा या यंत्रावर तिची सारी भिस्त होती. पहिल्याच आठवड्यात मुले अशी रमली, की आया उंबऱ्यात उभ्या राहून रुसल्या होत्या.

"यंत्रात बिघाड आहे म्हणा ना," तृप्ती जमादारांना म्हणाली. "तसं असेल तर बरं होईल हो."

"मलाही तेच हवं होतं, ताई. परवापासून तीनदा उघडून पाहिलं. यंत्र चोख आहे." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "ओवीच्या पायात वाळा होता का?"

"तिला कशाला वाळा? तिची आई घरातच आहे की!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आले.

"वाळा नसलेलं बाळ खांद्यावर आलं, तर पट नवा गंध सोडत नाही," जमादार सावकाश म्हणाले. "पण आधीचे पाचही त्यात मुरलेले असतात. ते जात नाहीत."

"तुमच्या स्वतःच्या अंगाचा गंध त्याखाली असतोच," डॉक्टरांनी पुढे सांगितले. "पण तो फिका पडतो. गजबजलेल्या मंडईत कोणी कुजबुजावं तसा. बाळाला दिलासा मिळतो त्या क्षणी जो गंध सर्वांत ठळक असतो, तोच त्याच्या मेंदूत दिलाशाची खूण म्हणून बसतो. चेहऱ्यानं ती तुम्हाला ओळखते, म्हणून पाहून हसते. पण घाबरली, दमली, दुखलं, की आधार शोधते तो नाकानं."

"मग बाकीची पाच मुलं?"

"त्यांचं वेगळं. दिवसा पटातून जो ताजा, ठळक गंध येतो, तोच संध्याकाळी खऱ्या आईच्या कुशीत मिळतो. त्यांची खूण रोज पक्की होते." डॉक्टरांनी नोंदवही उघडली. "अंगावर पाजत होता?"

"दुसऱ्या महिन्यातच वरच्या दुधावर आणलं. पाच जणांच्या धबडग्यात बसून पाजायला सवड कुठली?"

"आणि मुलं घरी गेल्यावर पट काढून ठेवायचात?"

तृप्तीने मान खाली घातली. पट अंगावर असला की ओवी दोन मिनिटांत झोपे. म्हणून, कापड बाळगायचे ते तीन दिवस सोडले, तर ती तो काढतच नसे. कामाच्या दिवसांत संध्याकाळचा स्वयंपाकसुद्धा तो पांघरूनच होई. फक्त रविवारी ती न्हाऊन, धुतलेली साडी नेसून लेकीला जवळ घ्यायची, आणि ओवी कमान करून रडायची. आधी दात येत असतील म्हटले. मग घुटी झाली, दृष्ट काढून झाली. सासूबाई तर म्हणाल्या होत्या, "रविवारी लेकीला तूच नकोशी होतेस बघ." थट्टाच होती ती, पण तृप्ती मोरीत जाऊन रडली होती.

"चूक माझीही आहे," जमादार म्हणाले. "मागणीपत्रकात मी विचारलं, पाळणाघरात मुलं किती? घरात मुलं किती, असं विचारायला हवं होतं."

"परवान्याच्या अर्जातही तेच विचारलंय," तृप्ती पुटपुटली. "मी पाच लिहिलं. एका बाईला पाचच मुलांची परवानगी असते. सहावं आलं की मदतनीस ठेवावी लागते. पण मी ओवीला काही लपवलं नव्हतं हो. खरंच सांगते, ती मोजायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"हे सुधारेल का?" हा प्रश्न जमादारांनीच विचारला.

"सुधारेल. ओवीला दिलासा देणाऱ्या खांद्यावर काही महिने फक्त तृप्तीताईंचा गंध हवा. पण दहाव्या महिन्यानंतर ही शिकवण फार मंदावते. म्हणजे हाताशी तीन महिने आहेत."

"मी उद्याच पाळणाघर बंद करते."

म्हणाली खरी, पण पालकांशी केलेला करार तिला आठवला. तीन महिन्यांची आगाऊ सूचना! ते कलम तिने स्वतःच हौसेने घातले होते, पाच आयांना विश्वास वाटावा म्हणून. त्या पाचजणींच्या नोकऱ्या तिच्या दोन खोल्यांवर उभ्या होत्या. आणि तोवर ओवीचा दहावा महिना उजाडणार होता.

"मग एकच वाट उरते," डॉ. सबनीस म्हणाल्या. त्यांनाही ते सांगणे जड जात होते. "तुमच्या यंत्रात सहावी कुपी बसत नाही, आणि पट उतरवला तरी दिवसभर तुमच्या अंगाला ते पाच गंध असतात. ओवीला दिवसा दुसऱ्या पाळणाघरात ठेवा. तिच्या पायात वाळा, तिथल्या यंत्रात तुमची कुपी. संध्याकाळी तुम्ही न्हाऊन, पटाशिवाय तिला जवळ घ्यायचं."

"म्हणजे मी तिची आई आहे, हे तिला दुसऱ्या बाईच्या खांद्यावर कळणार?"

जमादारांनी खिशातून कागद काढून नव्या कुपीची नोंद केली.

सोमवारी तृप्तीच्या धाकट्या जावेने रजा काढून पाळणाघर सांभाळले. तृप्ती ओवीला घेऊन विश्रामबाग भागात अर्चना मगदूमकडे गेली. पर्समध्ये बोटाएवढी नवी कुपी होती. जमादारांच्या यादीत एवढ्या एकाच पाळणाघरात एक जागा शिल्लक होती.

अर्चना दारातच भेटली. हसरी, घामेजलेली, खांद्यावर गंधपट. "या की ताई! हीच का ओवी? अगंबाई, गाल बघा हिचे! चार मुलं आहेत माझ्याकडं, हिला धरून पाच झाली. आता जागा संपली. सही तेवढी करा, आणि कुपी द्या, लगेच बसवते."

तृप्तीने अर्ज पुढे ओढला. संगोपनातील बालके, पाच. पेन टेकवताना तिने सहज वर पाहिले. अर्चनाने एका हाताने पाळण्याला झोका दिला आणि दुसऱ्या हाताने जमिनीवर रांगणारे एक बाळ उचलून कडेवर घेतले. चार-पाच दात, कपाळावर तीट. बाळाने पटात नाक खुपसले आणि डोळे मिटले. त्याचे दोन्ही पाय मोकळे होते.

"आणि ही?" तृप्तीने विचारले.

"ही? ही माझीच हो, स्वरा. हिला कशाला मोजायचं?" अर्चनाने लेकीचा पापा घेतला. "गुणी आहे फार. रविवारी तेवढी किरकिरते. दात येत असतील अजून."

तृप्तीच्या हातातले पेन थांबले. पर्समधली कुपी आज त्या यंत्रात बसली, की उद्यापासून तृप्तीचाच गंध त्या पटात मुरणार होता. या मुलीच्या नाकात तो तिच्या आईच्या गंधावर आणखी एक थर चढवणार होता. आणि तिने तोंड उघडले, तर अर्चनाच्या मोजणीत स्वरा येणार होती, आणि ओवीची जागा जाणार होती. मोजून तीन महिने. ओवी तिच्या मांडीवर जीभ काढून पेनाकडे पाहत होती.

तिने पेन खाली ठेवले.

"अर्चनाताई, आधी तो पट उतरवा."

"काय झालं? काही चिकटलंय का?"

"उतरवा आणि तिला तशीच जवळ घ्या. मी सांगते सगळं."

अर्चनाने हसत पट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि लेकीला पुन्हा खांद्याशी धरले. स्वराने नाक इकडेतिकडे फिरवले, एकदा आईच्या तोंडाकडे पाहिले, आणि खुर्चीकडे दोन्ही हात पसरून ती रडू लागली.