मित्रांनी लिहिलेली पाटी

रविवारी सकाळी साडेनऊला वहिनींच्या दाराची घंटा वाजली आणि वाजतच राहिली.

"कोणीतरी चिडलंय," भावजी म्हणाले.

"मोठा शोध लावलात. आता दार उघडा."

वहिनी खाजगी तपासाची कामं करत. नवरा गेल्यावर त्याची कचेरी आणि त्याचा धाकटा भाऊ, दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. कचेरी त्यांनी उत्तम चालवली. भावजी चौतीस वर्षं शाळेत इतिहास आणि धर्मशिक्षण शिकवून निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांना सगळं आधीच माहीत असे. आत्ता ते चर्चला जायच्या इस्त्रीच्या कपड्यांत होते.

दारात चाळिशीची एक बाई उभी होती. तिने घंटेवरचं बोट उशिराच काढलं.

"मी दातांची डॉक्टर आहे. आज चार वाजता माझ्या बाबांना चोर ठरवणार आहेत. तुम्ही येताय?"

"बसून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"बसले तर रडेन. मला रडायचं नाहीये." तिने उभ्यानेच सांगितलं.

तिचे वडील ज्यू लेखनिक होते. प्रार्थनागृहात वाचतात ती तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातल्या पहिल्या पाच पुस्तकांची, गुंडाळी ते चर्मपत्रावर हाताने लिहीत. आयुष्यात चार लिहिल्या. प्रत्येक वेळी पाचही पुस्तकं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, पिसाच्या लेखणीने. शहरातल्या संग्रहालयात अशीच एक जुनी गुंडाळी होती, त्यांच्याच मंडळीची.

"माझ्या पणजोबांच्या पिढीला एका दुपारी हाकललं. संग्रहालयाच्या कागदांत लिहिलंय, गुंडाळी 'मागे राहिली'. छत्री राहते ना, तशी! ऐंशी वर्षं मागितली, आता देणार होते. आज समितीची सही. त्याआधी डागडुजी बाबांनी करायची होती. शुक्रवारी दुपारी ते काम आटोपून घरी आले. शनिवारी सकाळी संग्रहालयाला दिसलं की शेवटचं पान शिवण उसवून काढलंय आणि पत्र्याच्या डब्यात राख आहे. टेबलावर चिठ्ठीही होती म्हणे, बाबांच्या नावाची. ती आम्हाला दाखवत नाहीत. आणि खोली शुक्रवारी संध्याकाळी सात दहाला बाबांच्या कार्डाने उघडली होती."

"तेव्हा बाबा कुठे होते?"

"घरी, जेवणाच्या टेबलाशी. शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. साक्षीदार मी, आई आणि माझी दोन मुलं. संग्रहालय म्हणतं, घरचे तसंच सांगणार. शनिवारी फोन केला, बाबांनी उचलला नाही. ते शनिवारी फोन उचलत नाहीत हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. तरी नोंद केली, 'संशयित संपर्काबाहेर'."

भावजी खाकरले. "राग मानू नका, पण हेतू दिसतो. ऐंशी वर्षांचा सूड. डोळ्याला डोळा, दाताला दात. तुमच्या धर्मात क्षमेची कल्पना जरा..."

"दाताला दात?" बाई म्हणाली. "मी दिवसाला वीस दात बघते, साहेब. दुसऱ्याचा दात पाडला तर काय द्यायचं, यावर आमच्या विद्वानांनी पानंच्या पानं लिहिलीत. औषधपाणी, बुडालेली मजुरी, वेदना, झालेला अपमान, कायमचं नुकसान. हे सगळं भरून द्यायचं. दात कोणी मागितला नाही. दोन हजार वर्षांत तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

"अभ्यासक्रमात नव्हतं," भावजी म्हणाले.

"बाबा कुठे आहेत?" वहिनींनी पर्स उचलली.

"खाली गाडीत. म्हणतात, मी निर्दोष आहे हे सांगायला मी दुसऱ्यांचे जिने चढणार नाही."

लेखनिक मागच्या सीटवर ताठ बसले होते. मांडीवर एक छापील पुस्तक होतं, पाठ सुटलेलं. वहिनींनी विचारलं तेव्हा त्यांनी ते मिटलं.

"संदेष्ट्यांचे, देवाचा निरोप सांगणाऱ्यांचे उतारे. काल प्रार्थनागृहात वाचायची माझी पाळी होती. अर्ध्यात आवाज गेला. दुसऱ्याने पुरं केलं."

"तुमचं कार्ड कुठे असतं?"

"शुक्रवारी निघताना पहारेकऱ्याच्या खणात टाकतो. शब्बाथला कामाची वस्तू घरात नको. खणाला कुलूप नाही."

"आणि ती राख?"

"मी पाहिली नाही." त्यांचा हात पुस्तकावर घट्ट झाला. "पण बाई, चर्मपत्र म्हणजे कातडं. ते जळलं तर केस जळल्यासारखा वास येतो, आठवडाभर जात नाही. माझ्या वडिलांना तो वास माहीत होता. मलाही नाइलाजाने माहीत आहे."

भावजींनी काच खाली केली.

संग्रहालयाच्या फाटकावर पहारेकरी वर्तमानपत्र वाचत होता. लेखनिकांकडे त्याने पाहिलंही नाही.

"मी सहाला सही करून घरी गेलो. बघा नोंदवही. वर दोघंच होते, संचालकसाहेब आणि प्राध्यापक. रोजचंच आहे ते. मागच्या दाराच्या किल्ल्या दोघांकडे आहेत."

"तुम्हाला काय वाटतं, कोणी केलं?"

"ह्यांच्याच लोकांनी. ज्यांनी देवाच्या पोराला सोडलं नाही, ते पान सोडतील होय?"

"क्रूसावर चढवायची शिक्षा कोणाच्या राज्यात होती हो?" दातांची डॉक्टर म्हणाली. "शिपाई कोणाचे होते?"

"ते मला काय माहीत? मी फाटक बघतो."

डागडुजीच्या खोलीत लांब टेबलावर गुंडाळी पसरली होती. डावीकडचा, म्हणजे शेवटाकडचा, लाकडी दांडा उघडा पडला होता. शिवणीचा दोरा तुटलेला नव्हता, टाका टाका सोडवलेला होता. वहिनींनी पत्र्याच्या डब्यात नाक घातलं.

"वहिनी!" भावजी ओशाळले.

"तुम्हीही घाला. कसला वास?"

"जळलेला कागद."

"आणखी?"

"जळलेला कागदच."

खोलीच्या भिंतीवर एक सुबक पाटी होती. वहिनींनी भावजींना ती मोठ्याने वाचायला लावली.

"'संपूर्ण जुना करार, एका गुंडाळीत. प्रेमाचा संदेश येण्यापूर्वी मानवजात ज्या नियमांखाली जगत होती, ते नियम.' छान लिहिलंय. मीही असंच शिकवायचो."

"हो ना," वहिनी म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

प्राध्यापक पुस्तकांच्या ढिगामागे सापडले. त्यांनी खुर्ची दिली नाही.

"मी विरोध केला, आणि समितीसमोर उघड केला. ती गुंडाळी इथेच राहायला हवी. तिची ओळन् ओळ मी वाचलीय, तीनशे तळटिपा लिहिल्यात. त्या लोकांना स्वतःचे ग्रंथ जपता येतात, कळत नाहीत. ते कळण्याचं काम आमचं."

"त्यांनी सांगितलंय का तसं?"

"ते कशाला सांगतील?"

"चिठ्ठी पाहिलीत?"

"मला कोण दाखवतो! संचालक माझं काही ऐकत नाहीत. भिंतीवरची त्यांनी लिहिलेली पाटी बदला म्हणून तीनदा कळवलं. म्हणाले, लोकांना सोपं हवं असतं."

बाहेर आल्यावर भावजींनी वहिनींचा दंड धरला. "हाच! हेतू आहे, किल्ली आहे, वर उद्धटपणा."

"उद्धटपणावर अटक होत असती तर तुमच्या शाळेचा स्टाफरूम ओस पडला असता."

संचालकांनी मात्र स्वतः उठून खुर्च्या दिल्या. आवाज मऊ, स्वेटर त्याहून मऊ. टेबलावर नव्या दालनाची पुठ्ठ्याची प्रतिकृती होती, आणि दालनाच्या मधोमध काड्यापेटीएवढ्या काचेच्या कपाटात कागदाची इवलीशी गुंडाळी ठेवलेली होती.

"मला फार वाईट वाटतंय, मॅडम. मी या लोकांचा जुना मित्र. गुंडाळी परत द्यावी ही कल्पनाच माझी. पण आता समितीला विचार करावा लागेल. जे स्वतःचाच ग्रंथ फाडतात..." त्यांनी उसासा सोडला. "तरी पोलीस नकोत असं मी म्हटलंय. आपण क्षमा करणारी माणसं."

भिंतीवर खिडकीएवढं मानपत्र टांगलं होतं, 'धर्ममैत्रीसाठी'. ते भिंतीपासून बोटभर पुढे आलं होतं आणि त्याच्या चौकटीच्या कडेला नवी कोरी तपकिरी चिकटपट्टी होती.

"सुंदर आहे," वहिनी म्हणाल्या. "नवीन का?"

"सहा वर्षं झाली."

चिठ्ठी त्यांनी लगेच दाखवली, पण लेखनिकांना आणि मुलीला बाहेर थांबवून. संगणकावर छापलेल्या तीन ओळी होत्या. वहिनींनी त्या उतरवून घेतल्या.

चार वाजता सभागृहात समिती बसली. अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. एका बाजूला संचालक आणि प्राध्यापक, समोर लेखनिक आणि मुलगी. भावजींनी दाराजवळची खुर्ची धरली, प्राध्यापक पळाले तर अडवता यावेत म्हणून.

"आधी चिठ्ठी वाचते," वहिनी म्हणाल्या. "'तारणाऱ्याविषयी संदेष्ट्याने जे लिहिलं, ते आम्ही शतकानुशतकं जगापासून लपवलं. ते शेवटचं पान तुमच्या हाती पडू देणार नाही. मी ते जाळलं आहे.' खाली लेखनिक अशी सही. छापील."

एकदम दोन माणसं बोलली.

"लपवलं?" लेखनिक उभे राहिले. "दर शनिवारी मोठ्याने वाचतो आम्ही!"

"पण संदेष्टे या गुंडाळीत नसतातच!" प्राध्यापक ओरडले.

"बसा दोघंही," वहिनी म्हणाल्या. "आज पहिल्यांदा तुमचं एकमत झालंय, ते जपा. अध्यक्षाबाई, तोराच्या गुंडाळीत फक्त पाच पुस्तकं असतात. लेखनिकांनी ती चारदा हाताने लिहिलीत. संदेष्टे वेगळे, छापील पुस्तकात. ते पुस्तक आत्ता त्यांच्या हातात आहे आणि कालच ते त्यातून सगळ्यांसमोर वाचत होते. हा माणूस त्या गुंडाळीतून संदेष्ट्याचं पान कसं काढेल? स्वयंपाक्याला मिठाचा डबा सापडू नये, तसं झालं."

"मग कोणी?" अध्यक्षांनी विचारलं.

"शेवटचंच पान का गेलं, ते बघा. भावजी, तुमच्या बायबलात जुन्या कराराच्या शेवटी कोण येतं?"

"संदेष्टे," भावजी म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"चिठ्ठी लिहिणाऱ्याने आपल्या घरातल्या पुस्तकाचा क्रम दुसऱ्याच्या गुंडाळीवर बसवला. त्याला वाटलं, हा अख्खा जुना करार आहे, तेव्हा शेवटी संदेष्टे असणारच. पहारेकरी सहाला गेला, नोंद आहे; लेखनिकांचं कार्ड त्याच्या बिनकुलपाच्या खणात होतं. सात दहाला दोघंच होते. प्राध्यापकांना या लोकांबद्दल आदर नाही, पण गुंडाळीची ओळन् ओळ पाठ आहे. ही चूक त्यांच्या हातून झोपेतही होणार नाही. पाटी चुकलीय हे त्यांनीच तीनदा कळवलं होतं. राहिले पाटी लिहिणारे."

संचालक हसले. "मॅडम, परत द्यायची कल्पना माझी होती."

"होती. पुढे नवं दालन आलं आणि त्याच्या मधोमध एक काचेचं कपाट. मित्र म्हणून मिरवल्यावर नाही म्हणता येईना. ज्यूंनीच गुंडाळी फाडली असं ठरलं, की ती जपण्यासाठी नाइलाजाने तुमच्याकडे ठेवावी लागणार. त्यात तुम्ही क्षमाही करणार! आणि लोकांचा विश्वास बसणार, कारण ज्यू तारणाऱ्याविषयीचे पुरावे लपवतात हे तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. तुम्हाला खोटं रचावंसुद्धा लागलं नाही. तयार होतं, फक्त छापलंत."

"पान जळलंय. आता..."

"डब्यातली राख कागदाची आहे. कातडं जळाल्याचा वास मुळीच नाही. तुम्ही टाका टाका उसवलात, कारण तुम्ही वस्तू जाळणारे नव्हे, ठेवून घेणारे. भावजी, साहेबांच्या खोलीतलं मानपत्र आणा. जपून. मागची चिकटपट्टी सहा वर्षांची नाही, दोन दिवसांची आहे."

मानपत्र आलं. पाठीमागचा पुठ्ठा सुटला. धर्ममैत्रीच्या मागे, पातळ कागदात नीट गुंडाळलेलं, शेवटचं पान होतं.

संचालकांचा आवाज अजूनही मऊ होता. "माझा उद्देश वाईट नव्हता. मी तुमच्यावर प्रेम..."

"नका करू," लेखनिक म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता आणि सभागृहाला पुरून उरत होता. "प्रेम नका करू. शिव्या देणारा फाटकावर बसतो, तो दिसतो तरी. तुम्ही तीस वर्षं माझ्या खांद्यावर हात ठेवून बोललात. तीस वर्षांत एकदा विचारायचं होतं, की बाबा रे, या गुंडाळीत काय लिहिलंय? मी सांगितलं असतं. फुकट. या पानावर काय आहे ठाऊक आहे? एक म्हातारा डोंगरावरून पलीकडचा मुलूख बघतो आणि तिथे पोचायच्या आत मरतो. तुम्ही चोरलंत ते हे."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "संचालकांबद्दल आम्ही पोलिसांना कळवू. आणि ही गुंडाळी समिती तुमच्या मंडळीला आनंदाने भेट..."

"भेट नाही. परत. तसं लिहा."

त्यांनी खोडून 'परत' लिहिलं आणि सही केली.

साडेपाचला डागडुजीच्या खोलीत लेखनिक सुईत दोरा ओवत होते. मुलीने भिंतीवरची पाटी काढून आणली होती आणि ती कुठे फेकावी ते तिला ठरवता येत नव्हतं. भावजी बराच वेळ टोपी हातात फिरवत उभे होते.

"मी हेच शिकवलं," ते शेवटी म्हणाले. "या पाटीवरचं. चौतीस वर्षं. वर्गात साठ मुलं."

"दोन हजार चाळीस," लेखनिक वर न बघता म्हणाले.

"मला माफ..."

"माझ्याकडे काय मागताय? मला कोणी काही चुकीचं शिकवलं नाही. त्यांच्याकडे जा. पत्ते असतीलच शाळेत."

भावजींनी वहिनींकडे पाहिलं. दातांच्या डॉक्टरने ती पाटी उलटी करून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. मागची बाजू कोरी होती. तिने खिशातलं पेन काढून वर ठेवलं.

लेखनिकांनी पहिला टाका घातला. भावजी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या विद्यार्थ्याचं नाव आठवू लागले.