थंड खोलीचं दार

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. खोटं लिहून मला काही मिळणार नाही. मिळाल्याच तर शिव्या मिळतील, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय ते रोज रस्त्यात भेटतात.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही टळटळीत दुपारी घडली. उन्हाळ्यातला रविवार होता आणि खोलीत आम्ही दहाबारा जण होतो.

आमच्या गावात एक इतिहास मंडळ आहे. जुना बर्फाचा कारखाना मालकांच्या वारसांनी त्यांना दान दिला. मंडळाने तो रंगवला, भिंतींवर फोटो लावले आणि दर रविवारी लोकांना आतून फिरवून आणायला सुरुवात केली. फेरीचा शेवट थंड खोलीत होतो. तिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या भुशात रचून ठेवायचे. जाड दार, खिडकी नाही, आणि कडी फक्त बाहेरून.

लोकांना आत घ्यायचं, दार लावायचं आणि मिनिटभर अंधारात उभं करायचं. ‘बर्फघराचा अनुभव’ असं नाव दिलंय त्याला. पोरं किंचाळतात, मोठे हसतात, बाहेर येऊन सेल्फी काढतात.

त्याच खोलीत माझी मावशी मेली.

आईची थोरली बहीण. कारखान्यात लाद्या ओढायचं काम करायची. त्या दिवशी ती आत असताना मुकादमाने न बघता दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मालकांच्या घरी गेली. आई तेव्हा लहान होती. ताईचा डबा घेऊन गेली होती. तिला दारावरच्या थापा ऐकू आल्या. तिने बाहेर बसलेल्या मुकादमाला सांगितलं.

तो म्हणाला, "कोणी नाही आत. मशीनचा आवाज आहे. जा घरी."

आई घरी गेली.

मावशीला दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढलं.

आणि मंडळाने त्याच दाराशेजारी पाटी लावलीय. ‘येथे एका महिला कामगाराचा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला.’

बाईचं नावसुद्धा नाही. निष्काळजीपणा मात्र आठवणीने लिहिला!

तेवढा शब्द काढा, एवढंच आईचं म्हणणं होतं. डोळे मिटायच्या आत तिला ती पाटी बदललेली बघायची होती. त्यासाठी तिने वर्षभर मंडळात खेटे घातले. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तरी जायची. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. स्वतः सत्तरीला टेकलेत, तरी आईला आजी म्हणतात. बोलणं साखरेत घोळलेलं.

"आजी, तुमच्या भावना कळतात हो. पण लहान मुलीची आठवण म्हणजे काही पुरावा नव्हे. इतिहास कागदावर चालतो."

आणि ‘ती आत झोपून राहिली’ म्हणणारा तो कागद कोणी लिहिला? मालकांनी! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

त्या रविवारी आई म्हणाली, "चल, आपणही फेरीला जाऊ. मला एकदा आत उभं राहायचंय."

मी नको म्हटलं. ती ऐकते कुठली.

फेरी स्वतः अध्यक्षच घेत होते. थंड खोलीशी आल्यावर त्यांनी पाटी मोठ्याने वाचली. वर विनोद केला, "तेव्हा मंडळी, आत डुलकी काढू नका हं!"

सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार तेवढ्यात आईने माझा हात दाबला आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, आज तुम्हीही या ना आमच्याबरोबर आत."

एरवी ते बाहेर थांबतात. पण चारचौघांत नाही कसं म्हणणार? आले आत. दार लावायला सेक्रेटरी बाई बाहेर राहिल्या.

धप्प.

काळाकुट्ट अंधार. कोणीतरी ‘हूऽऽ’ केलं. हशा पिकला.

मग... गार वाटायला लागलं.

कारखाना बंद पडून जमाना झाला. मशीन, पाइप, सगळं केव्हाच भंगारात गेलंय. तरी माझे दात वाजायला लागले. ओल्या भुशाचा वास आला. हसणं आपोआप थांबलं.

"झालं मिनिट," अध्यक्ष म्हणाले. "उघडा हो!"

काहीच नाही.

त्यांनी दारावर थाप मारली. मग दोन्ही हातांनी. मग मुठींनी.

"अहो, उघडा! मी आत आहे! मी!"

आणि दारापलीकडून... एका पुरुषाचा आवाज आला. कंटाळलेला.

"कोणी नाही आत. मशीनचा आवाज आहे."

सगळ्यांनी ऐकलं. एकूणएक सगळ्यांनी.

अध्यक्ष दार बडवत सुटले. एक बाई रडायला लागली. माझी बोटं बधिर झाली होती, पण हातातला आईचा हात... तेवढा उबदार होता. आई अंधारात कोणाशी तरी बोलली. हळू, घरात बोलते तशी.

"ताई, पुरे ग. सोड आता. बाकीच्यांनी काय केलंय?"

उजेड झाला.

दार सताड उघडं होतं. सेक्रेटरी बाई फोन बंद करत आमच्याकडे आल्या.

"अहो, मी अजून दार लावलंच नाही. फोन आला ना मध्येच. मला वाटलं, तुम्ही मौन पाळताय. किती शांत उभे होतात सगळे!"

अध्यक्षांच्या मुठी सोलवटल्या होत्या. रक्त येत होतं.

आई पाटीजवळ जाऊन उभी राहिली. "सर, आता तर तुम्हीही ऐकलंत. काढाल ना तो शब्द?"

मला खरंच वाटलं, आता काढतील.

त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला. घाम पुसला. आणि हसले.

"आजी, कोंदट जागेत माणसाला भास होतात. ह्याला पुरावा नाही म्हणत."

"भासच," माझ्या शेजारी मघाशी लटलट कापणारा माणूस म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. उन्हात आल्यावर सगळे शूर झाले होते.

मेलेल्या बाईने येऊन साक्ष द्यायची, आणि तीही ह्यांना चालत नाही! मी घसा बसेपर्यंत भांडले. शेवटी आईनेच मला ओढत घरी आणलं.

घरी आल्यावर ती पाणी प्यायली.

मग म्हणाली, "मी तिला सोड म्हणायला नको होतं."

मुंगीला वळसा घालून चालणारी बाई माझी आई.

काल मंडळातून फोन आला. येत्या रविवारी मालकांचे वारस येणार आहेत, त्यांच्यासाठी खास फेरी आहे. अध्यक्ष म्हणाले, "आजी, तुम्हीही आत उभ्या राहून तुमची ती आठवण सांगा. लोकांना मजा वाटते."

आई लगेच हो म्हणाली. मी विचारलं, "आत गेल्यावर काय सांगणार आहेस?"

"काही नाही," ती म्हणाली. "ह्या वेळी मी काहीच बोलणार नाही."

ती स्वतःही आत असणार आहे. मी तिला अडवायला हवं, कळतंय मला.

अजून तरी अडवलेलं नाही.