राखीव वायरीचं दुसरं टोक

सेटिंगचा घोळ म्हणे! अरे, घोळ तुझ्या टाळक्यात आहे. माझ्या पुतण्यांचा तो सुपरवायझर आत्ता इथे असता ना, तर कानाखाली जाळ काढला असता मी त्याच्या. आणि तुम्ही हसू नका रे. अंधारातसुद्धा दात दिसतायत तुमचे. आधी ऐका, मग हसा.

माझे दोन पुतणे, थोरला आणि धाकटा. थोरला वारला हे ठाऊक आहे तुम्हाला, कसा ते ठाऊक नाही. दोघांचा धंदा एकच, कॉम्प्युटरच्या वायरी ओढायचा. त्या मोठ्या इस्पितळात तळमजल्यावर एक मशीन आहे, स्विच म्हणतात. दिव्याचा खटका नव्हे, कपाटाएवढं धूड आहे. खणाखणांत कार्डं बसवलेली. सगळ्या वॉर्डांच्या वायरी त्यात येतात आणि त्यातून बाहेर दोनच जातात. एक कामाची, एक राखीव. एक बैल ओढतो, दुसरा नुसता जू घेऊन उभा. पहिला बसला की दुसऱ्याने पापणी लवायच्या आत भार उचलायचा. राखीव वायर मुद्दाम वेगळ्या वाटेने, मागच्या जुन्या इमारतीतल्या बंद खोलीत नेलेली. तिथे भिंतीवरच्या डब्यात तिचं टोक खोचायचं, की इकडे मशीनवर तिच्या पोर्टचा, म्हणजे तिच्या भोकाचा, हिरवा दिवा लागतो.

या कामाला दोन माणसं लागतात. धाकटा मशीनपाशी, थोरला त्या खोलीत शिडीवर, दोघांच्या कानाला फोन.

"आला का दिवा?"

"नाही."

"डोळे धू आधी, गाढवा."

"तू टोक लाव आधी, दादा."

"लावतो रे. धर जरा."

पुढे काहीच नाही. धाकटा फोन धरून उभा. पाच मिनिटं धरून होता म्हणे. शिडी सरकली होती. थोरला डोक्यावर पडला होता.

धाकटा रडला नाही. एक थेंब नाही. ताट पुढे ठेवलं की ताटाकडे बघायचा, उचललं की उचललेल्या जागेकडे बघायचा. चौथ्या दिवशी हा सुपरवायझर कागद घेऊन दारात. 'दोन्ही वायरी तपासल्या, कर सही.' धाकट्याने केली. मशीन ओरडत होतं, राखीव पोर्ट मेलाय म्हणून. धाकट्याने मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ओरडणंच बंद केलं. त्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. वायर तशीच जमिनीवर.

आता मागच्या महिन्यातली अकरा तारीख. बुधवार. रात्री नऊला धाकट्याला रस्ता खोदणाऱ्यांचा फोन आला, की रस्ता खोदायचाय, बारा वाजता पहिली वायर बंद करतोय, राखीव आहेच ना?

"आहे," म्हणाला.

आणि निघाला. घाई नाही, गडबड नाही. बायकोला म्हणाला, एक वायर लावून येतो. वरच्या मजल्यावर काचेच्या पेट्यांत अकरा बाळं होती, सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मलेली. त्यांचे श्वास, ठोके, सगळं त्या मशीनमधून सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर येतं. पडदा गेला तर एक सिस्टर अकरा ठिकाणी कुठे धावणार?

सव्वाअकराला पोचला. आधी मशीनपाशी गेला. कोणता पोर्ट पहिला, कोणता राखीव, सगळं पुन्हा वाचलं. बरोबर होतं. आता फक्त टोक लावायचं. दाराकडे वळला आणि...

अकरा चाळीस. पहिल्या वायरीचा दिवा गेला. त्या खोदणाऱ्यांनी वीस मिनिटं आधीच तोडली!

धाकट्याने वर फोन लावला. "सिस्टर, पडदे गेले?"

"नाही तर. का? झोपेत आहेस का रे?"

"सगळे दिसतायत?"

"अकराच्या अकरा. ठेव आता, बाळं उठतील."

त्याने मागे बघितलं. राखीव पोर्ट. हिरवा.

कुणी लावली?

अंगण ओलांडलं. जुनी इमारत. कुलूप जागच्या जागी. किल्ली त्याच्याच खिशात. दार उघडलं. बॅटरी मारली.

वायर जमिनीवर. टोकावर टोपण. भिंतीवरचा डबा... रिकामा.

"दादा?"

...

बॅटरी चारी कोपऱ्यांत फिरवली. नुसती खोली.

टोपण काढायचं. दोन हात उचलून खोचायचं. एवढंच होतं. आलाच होता त्यासाठी. वाकला. हात पुढे केला... आणि मागे घेतला. दाराशी बसला. पहाटे पाच दहापर्यंत. पहिली वायर जोडली गेली. अकराही बाळं धड. मग कुलूप लावलं नि घरी आला.

"लावली का नाहीस रे?" मी विचारलं.

"लावली तर दादा जाईल, काका."

एवढंच. आवाज कसा, तर पावती वाचल्यासारखा. आता रोज संध्याकाळी जातो, मशीनपुढे उभा राहतो, हिरवा दिवा बघतो, परत येतो. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणे सेटिंगचा घोळ, दिवा उगाच लागतो. उगाच? आणि अकरा पडदे साडेपाच तास उगाच चालले?

मी धाकट्याकडून किल्ली हिसकावली नि परवा स्वतः बघून आलो. मला त्यातलं काही कळत नाही, हात लावायची छाती झाली नाही. पण डोळे आहेत मला. खोलीभर बोटभर धूळ. भिंतीच्या कडेला, वायरीच्या टोकापाशी, एक जागा स्वच्छ. माणूस मांडी घालून बसला तर लागेल तेवढी. धाकट्याची पावलं अलीकडेच थांबलेली, तिथे जाणारं पाऊल नाही. येणारं नाही. मी मूठभर धूळ उचलून त्यावर टाकली. पडताना दिसली मला. खाली बघतो तर... जागा स्वच्छ.

आता कुणी हसत नाही. बरं आहे.

तू सोमवारपासून तिथेच लागतोयस ना, वायरींच्या कामाला? ही धर किल्ली. धाकट्याला विचारू नकोस. कुणालाच विचारू नकोस. आत जा, टोपण काढ, टोक लाव. किती दिवस धरून बसायचं थोरल्याने? लाव ते.