विचारायचं पुस्तक आणि सांभाळायचं पुस्तक

सकाळी साडेदहाला कार्यालयात शिरताना अनघा हेर्लेकर पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधीच विचारायच्या, "काय भाऊसाहेब, काय म्हणतेय सूची?" आणि टेबलावरच्या डब्याएवढ्या यंत्रातून गंभीर आवाज यायचा, "सगळं ठीक आहे, बाई. काल सात नवे दाते, दोन पत्तेबदल."

भाऊसाहेब म्हणजे कुणी माणूस नव्हे. मिरजेच्या त्या कार्यालयात चार जिल्ह्यांतल्या दुर्मीळ रक्तगटांच्या दात्यांची सूची होती. ती ज्या विदागारात, म्हणजे डेटाबेसात, ठेवली होती, त्याची देखभाल करणारी ही स्वयंचलित प्रणाली. विकणाऱ्यांनी तिला भलतंच भारदस्त नाव दिलं होतं, पण गावाकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, तेच नाव पहिल्या आठवड्यात तिला चिकटलं. पूर्वी विदागाराला काही विचारायचं तर त्याची वेगळी पृच्छाभाषा यावी लागे आणि ते सांभाळायला वेगळा प्रशासक लागे. आता मराठीत बोललं की काम भागत होतं. शेवटचा प्रशासक आठ वर्षांपूर्वीच पुण्याला निघून गेला होता.

त्या मंगळवारी खिडकीशी हौसाबाई खोत येऊन उभ्या राहिल्या. त्यांची सून तेजस्विनी आठव्या महिन्यात होती, वार खाली आली होती, रक्तस्रावाची भीती होती आणि दहा दिवसांवर ऑपरेशन ठरलं होतं. तिचं रक्त बॉम्बे गटाचं. साध्या तपासणीत हे रक्त 'ओ'सारखंच दिसतं, पण या माणसाला 'ओ' चालत नाही, फक्त बॉम्बेच चालतं. डॉक्टरांनी बाहेरच्या रक्तपेढ्यांना फोन करून पाहिले होते, कुठंच पिशवी शिल्लक नव्हती.

"भाऊसाहेब, बॉम्बे गटाचे दाते सांगा."

"रक्त देऊ शकेल असा दाता उपलब्ध नाही, बाई."

हौसाबाईंनी त्या डब्याकडे पाहिलं, मग अनघाताईंकडे. "एकपण न्हाई? चार जिल्ह्यांत?"

आता सवयीप्रमाणे अनघाताईंनी "बघतो आम्ही, फोन करतो" म्हणून टाकलं असतं. पण म्हातारीचे डोळे त्यांच्यावर असे काही रोखलेले होते की त्यांना एकदम एक चेहरा आठवला. जत तालुक्यातल्या कोळवाडीचं शिबिर. सुई बघून ढसाढसा रडलेली आणि रक्त दिल्यावर हक्काने दोन केळी मागून घेतलेली एक मुलगी. पुष्पा मारुती चौगुले. गट बॉम्बे. अहो, अनघाताईंनी स्वतःच्या हाताने तिचं नाव घातलं होतं!

"या नावाची नोंद सूचीत नाही," भाऊसाहेब म्हणाला.

"मग तुम्ही काढली असेल."

"मी एकाही दात्याला वगळलेलं नाही, बाई."

त्याच्या बोलण्यात ना राग ना घाई. मला स्वतःला आत शिरून बघायचंय, कोणतं पुस्तक वाचू, असं अनघाताईंनी विचारलं, तर उत्तर आलं, "पुस्तकाची काय गरज? मी आहे ना. हवं तर तुमच्यापुरतं एक लिहून देतो." आणि खरंच, चहा निवायच्या आत चाळीस पानांचं सुबक पुस्तक छापून समोर आलं. भाषा कशी लोण्यासारखी! फक्त प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच सल्ला होता: अडचण आल्यास भाऊसाहेबांना विचारा.

दुपारी त्या रिक्षाने शब्बीर मुल्लाणी सरांकडे गेल्या. सरांनी तंत्रनिकेतनात तीस वर्षं हाच विषय शिकवला होता. विषय बंद झाला, ग्रंथालयाने ती पुस्तकं रद्दीत काढली, तेव्हा सरांनी टेम्पो करून सगळी घरी आणली होती. सोफ्यावर पुस्तकं, कॉटखाली पुस्तकं. त्यांच्या बेगम त्यावरून त्यांना अजून टोमणे मारत.

"ताई, मला आधी एक सांगा," सर म्हणाले, "तुम्हाला विचारायचंय की सांभाळायचंय?"

"म्हणजे?"

"विदागाराची पुस्तकं दोन जातीची. एक शिकवतं प्रश्न कसा लिहायचा. दुसरं शिकवतं घर कसं राखायचं. कुलपं कुठली, जुन्या प्रती कुठं ठेवायच्या, कुणी काय हलवलं ते कसं शोधायचं. पोरं पहिलं आवडीने वाचायची आणि दुसरं परीक्षेपुरतं."

"मला एक बाई शोधायचीय, सर. विचारायचंच."

"मग हे घ्या." त्यांनी हजारेक पानांचे दोन ग्रंथ बाजूला सारले आणि खालचं एक पातळ, कोपरे झिजलेलं पुस्तक ओढून काढलं. "जाडी बघून पुस्तक घ्यायचं नाही. समासात पेन्सिलीने खाडाखोड किती आहे ते बघायचं. ज्यात पोरांनी चुका करून खोडल्यात, त्यातूनच कुणीतरी काहीतरी शिकलंय."

चार दिवस अनघाताई ते पुस्तक घेऊन बसल्या. बावन्नाव्या वर्षी! डबा खाताना डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात भाकरी. तक्ता म्हणजे काय, दोन तक्ते जोडायचे कसे, अट कुठं लिहायची. स्वल्पविराम राहिला म्हणून अर्धा तास वाया गेला तेव्हा त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या. शनिवारी त्यांनी कपाटातलं मोहोरबंद पाकीट फोडलं. विभागप्रमुख म्हणून त्यांना दिलेली, विदागारात थेट शिरायची किल्ली त्यात होती, जी आजवर कुणी वापरलीच नव्हती. त्यांनी आयुष्यातली पहिली पृच्छा लिहिली: कोळवाडीच्या सगळ्या बायका दाखव.

एकोणीस नावं आली. पुष्पा नव्हती.

हौसाबाई रोज येऊन बाकावर बसत. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, पुस्तकात गावली का वो ती?" अनघाताईंना रडूच फुटलं. उठून त्या तडक सरांकडे गेल्या.

"नसलेल्याबद्दल विचारून काय मिळणार?" सर हळू आवाजात म्हणाले. "ती होती आणि आता नाही. म्हणजे प्रश्न सांभाळणीचा आहे." या वेळी त्यांनी दुसरं पुस्तक काढलं आणि सरळ शेवटाकडचं एक प्रकरण उघडून दिलं. विदागारात झालेला प्रत्येक बदल ज्यात आपोआप टिपला जातो त्या बदलवहीबद्दलचं. "बाकीचं नंतर वाचा. एवढं आजच."

सोमवारी दुपारी बदलवही उघडली आणि पुष्पा मारुती चौगुले सापडली. आठ वर्षांपूर्वीच्या एका ओळीत. तिची नोंद काढलेली नव्हती, ती वैदेही सदाशिव माने या नावात विलीन केलेली होती. कारण शेजारीच लिहिलं होतं: वडिलांचं नाव एक, गाव एक, जन्मतारीख एक जून, वर्षही एक. लग्नानंतर नाव बदललेलं. व्यक्ती एकच. नव्या नोंदीत गट 'ओ', म्हणून जुनी बॉम्बेची नोंद तपासणीतली चूक धरली.

अनघाताईंनी कपाळाला हात लावला. एक जून! खेड्यात पोराची खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नसली की गुरुजी शाळेच्या दाखल्यावर एक जून ठोकून देत. दोघी बहिणी एकाच दिवशी शाळेत घातल्या असतील, तर तारीख एक आणि वर्षही एक. पुढं थोरलीचं लग्न झालं, सासरी तांदळात नवं नाव लिहिलं, शालनची नाहीतर सुमनची वैदेही झाली. इथं बसणाऱ्या कुणाही शिपायाला हे सांगावं लागलं नसतं. भाऊसाहेबाला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

पण अर्धं सांगितलं होतं. कुणी? ओळीच्या शेवटी आज्ञा देणाऱ्याचं नाव होतं: अ. हेर्लेकर. त्यांना शब्द न् शब्द आठवला. भाऊसाहेब नवा होता आणि त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं लग्नात बायकांची नावं बदलतात हो, एकच बाई दोनदा येते. तेवढं एक करून टाका." त्याने इमानाने करून टाकलं होतं.

जुन्या प्रतीतला पुष्पाचा नंबर लागला नाही. वैदेही मान्यांचा लागला, त्यांनी धाकट्या बहिणीचा दिला. पुष्पा आता कवठेमहांकाळला शिवणाचे वर्ग चालवत होती.

"रक्तसूचीतून बोलताय?" पुष्पाने विचारलं. "मला वाटलं, माझं रक्त तुमास्नी नको झालं. आधी तीनदा बोलावलं, मग आठ वर्षं कुणी इचारलंच न्हाई. म्हटलं काय दोष निघाला असंल, विचारायचं तरी कसं."

"दोष तुमच्यात नव्हता, पुष्पाताई. चूक माझी होती." अनघाताईंनी हे सरळ सांगून टाकलं.

पुष्पा दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने आली. रक्त देण्याआधी तिची पूर्ण तपासणी झाली, गट बॉम्बेच निघाला. सुई बघून तिने अजूनही डोळे घट्ट मिटले. हौसाबाई तिच्या उशाशी बसून होत्या, त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. दुसऱ्या पिशवीची सोयही झाली, कारण अनघाताईंनी तसली आणखी विलीनीकरणं शोधली आणि त्यात आटपाडीची बॉम्बे गटाची एक शिक्षिका सापडली. शुक्रवारी तेजस्विनीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पुढच्या सोमवारी विलीनीकरणं शोधणारी ती पृच्छा त्यांनी चारही जिल्ह्यांवर चालवली. एक जूनच्या नोंदींमध्ये दोनशे चौदा माणसं दुसऱ्या कुणाच्या तरी नावात बुडालेली होती.

"बाई, नियम रद्द करून सगळ्या नोंदी पूर्ववत करू?" भाऊसाहेबाने विचारलं.

"करा. पण मी बघत बसणार आहे."

काम एका मिनिटात झालं. अनघाताई मात्र पडद्यासमोरून उठल्या नाहीत. त्यांनी आणखी एक पृच्छा लिहायला घेतली. आता त्यांना पुस्तक उघडावं लागलं नाही. चारच ओळी होत्या: गेल्या आठ वर्षांत 'दाता उपलब्ध नाही' असं उत्तर देऊन ज्यांना आपण परत पाठवलं, त्यांची नावं दाखव, आणि त्या दिवशी त्या गटाचा दाता या दोनशे चौदांत होता का, तेही दाखव.

लिहून झालं, पुन्हा तपासून झालं. एकही स्वल्पविराम चुकला नव्हता.

बाहेर बाकावर कुणीतरी नवीन येऊन बसलं होतं, हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. अनघाताईंचं बोट कळीवर टेकलं होतं. ही यादी आली, तर त्यातल्या पहिल्या घरी फोन करून काय सांगायचं?