जुने कर्नेल काढताना

महाराष्ट्रापासून दूर, हिंदी मुलखातल्या मुरलीपुऱ्यात एका छोट्या वाचनालयात वल्लरी अंध विद्यार्थिनींसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. २००९ च्या जानेवारीतली दुपार. सकाळपासून तिच्या कॉम्प्युटरवर एकच तक्रार होती... जागा संपली. अपडेट अर्ध्यात अडकलेलं, त्यामुळे रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडत नव्हता, आणि सोमवारी मुलींना इतिहासाचं पुस्तक द्यायचं होतं. परीक्षा तोंडावर आली होती.

"आई, येते ना मी, मतलब... थोडी लेट होईल," ती फोनवर म्हणाली.

"अरे वा, मराठी!" दारातून आवाज आला.

तो निनाद. मूळचा साताऱ्याचा, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. वाचनालयाच्या उत्तमरावांनी त्याला मशीन बघायला बोलावलं होतं.

"बाबांची बँकेतून इथे बदली झाली तेव्हा मी चार वर्षांची होते," वल्लरी लाजली. "माझी मराठी जरा सहन करा."

"सहन कसलं करायचं? दोन वर्षांनी कुणी कानाला गोड लागेल असं बोललं."

तो खुर्ची ओढून बसला. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"ह्या मशीनवर लिनक्स सिस्टिम आहे; कर्नेल म्हणजे तिचा गाभा. अपडेटबरोबर नवा येतो, पण जुना आपणहून जात नाही. इथे सात साठलेत. त्यांचा कप्पा भरलाय."

"ते काढले तर... माझं रेकॉर्डिंग? दोनशे पानं वाचलीत हो!"

तो हसला नाही. "ते दुसऱ्या कप्प्यात आहे. तरी आधी कॉपी करून ठेवू." खिशातला पेन ड्राइव्ह त्याने लावला. मग कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "आता तुम्हीच काढा."

"मी?"

"सोपं आहे. आत्ता कुठला चालू आहे ते आधी विचारायचं. त्याला हात लावायचा नाही. त्याच्या आधीचा एक राखायचा, चालू असलेला कधी रुसला तर उपयोगी पडतो. बाकीचे पॅकेज मॅनेजरला, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगून काढायचे. फायली हाताने खोडायच्या नाहीत."

वल्लरीने जुन्या कर्नेलांचा एकेक आकडा टाइप केला. एंटर दाबणार, तोच त्याची बोटं अलगद तिच्या मनगटावर आली.

"हा... चालू असलेला आहे."

आकडा बदलला तरी बोटं क्षणभर तिथेच राहिली. मग दोघांनीही घाईघाईने पडद्याकडे पाहिलं.

पाच कर्नेल गेले. अपडेट पूर्ण झालं. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत दोघं श्वास रोखून बसले... आणि पडदा उजळला. तपासायला म्हणून तिने रेकॉर्डिंग लावलं. काम संपलेलं असूनही निनाद अख्खा धडा ऐकत राहिला. उत्तमरावांनी पाठवलेला चहा गार झाला.

पुस्तक सोमवारी वेळेवर गेलं. निनाद मात्र दर गुरुवारी 'मशीन तपासायला' येऊ लागला.

तिसऱ्या गुरुवारी ती म्हणाली, "मशीन ठीक आहे."

"ठाऊक आहे." तो उभाच राहिला. "कंपनी मला पुण्याला पाठवतेय."

हेडफोनची वायर तिच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळली गेली. "कधी?"

"मी सकाळीच नाही म्हणून कळवलं."

"कोणाला विचारून?"

"जिला विचारायला हवं होतं, तिलाच सांगायला आलोय." त्याचा आवाज खाली आला. "मला तुम्ही आवडता, वल्लरी."

शेजारच्या गच्चीवर कुणाचा तरी पतंग कटला, आरडाओरडा झाला. तिने बोटाची वायर सोडवली.

"रविवारी जवाहर नगरला, आमच्या घरी जेवायला या," ती हळूच म्हणाली. मग मान वर करून तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही... ये."